हायफाँग, अर्धा दिवस

रानडे रोडला दुसऱ्या मजल्यावर
सहलींच्या ऑफिसात एक प्लॅस्टिकचा माड आहे.
त्याच्या झावळ्यांवर धूळ,
आणि खाली बसून ओजस नावाचा मुलगा
आम्हाला व्हिएतनाम विकतो आहे.
सहा रात्री, सात दिवस, नाश्ता धरून.
शरयू चष्मा बदलून विचारते,
'आणि चहा? आपला?'

पन्नास हजारांचे तिथे दीड कोटी होतात
हे ऐकल्यापासून ती
कोट्यधीशासारखी जिना उतरते.
खाली कोथिंबिरीच्या जुडीवरून मात्र
पाच रुपयांसाठी भांडली.

व्हिसाचा फोटोवाला म्हणाला, हसू नका.
चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी मला
आहे तसा राहू दिला.
तिचा तीनदा काढावा लागला.

शिवडीला घरी आलो की
जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर तिची यादी वाढते :
मेतकूट. लसणाची चटणी. गुडघ्याचा पट्टा.
कुंड्यांना पाणी – तिसऱ्या मजल्यावरची रेश्मा.
मध्येच, कुणाला न सांगता, पोहण्याचा ड्रेस.
तिला पोहता येत नाही.
मी विचारलं नाही.

मी तसा काहीच बोललो नव्हतो.
एकतीस वर्षं गोदीत टॅली क्लार्क.
जहाज लागलं की पोती मोजायची,
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी,
आणि कागदाच्या डोक्यावर बंदराचं नाव.
पेनांग. बेलावान. पोर्ट क्लांग.
हायफाँग.
हे शेवटचं इतक्यांदा लिहिलं
की हात मला न विचारता लिहायचा.
पोत्यांवर कधी वाळलेला चिखल असायचा,
कधी कुणाच्या तरी चपलेचा ठसा.
तिकडेही एक माणूस मोजत असणार, उन्हात,
कानावर पेन्सिल अडकवून.
बहुतेक आमचा आकडा जुळायचा.
एकदा तीन पोती कमी भरली.
चौकशी झाली, माझी बढती अडकली,
त्याचं काय झालं
कळायला मार्ग नव्हता.

ओजसला म्हटलं, हालाँगला जाताना
वाटेत हायफाँग लागतं ना?
'लागतं काका, पण बघण्यासारखं काही नाही.
नुसतं बंदर आहे.'
मी मान डोलावली.
नुसतं बंदर तर नुसतं बंदर.
शरयू मोबाइलवर गुहेचे फोटो मोठे करून बघत होती,
ऐकलं नसावं असं वाटलं.

रात्री भांडी आवरताना म्हणाली,
'फाटक्या पोत्यांतला दालचिनीचा चुरा
शर्टाच्या खिशातून आणायचात, आठवतं?
अख्ख्या मजल्यावर वास सुटायचा.
बायका विचारायच्या, गोडा मसाला कुठला?
मी सांगायचे, माहेरचा.
मला तुमच्या नोकरीची भीती वाटायची.'
मग नळ बंद करून,
'तिथे जाऊन कबूल करणार आहात की काय?'

मी म्हटलं, गेट बघायचंय फक्त. बाहेरून.
सुट्टीचा भोंगा कितीला होतो,
माणसं डबा कशातून आणतात.
ती हसली नाही.
हसली असती तर बरं झालं असतं,
विषय तिथेच मिटला असता.

सकाळी चहा घेताना यादी पाहिली.
गुहा, बोट, पाण्यातल्या बाहुल्यांचा खेळ,
आणि दोन ओळींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत
तिच्या तिरक्या अक्षरात –
हायफाँग, अर्धा दिवस.
त्याखाली अजून बारीक :
छत्री. पाणी. ह्यांना एकटं सोडू नये.

मी पेन घेतलं.
निघायला त्रेचाळीस दिवस आहेत,
समासात रेघा ओढून ठेवल्या, रोज एक खोडायला.
आठ जुड्या,
आणि वर तीन.